अल्गोलचं ग्रहण: सोसायटीच्या गच्चीपासून ओतूरच्या स्लॅबपर्यंत

२०२३-२४ च्या थंडीत मी एका ताऱ्याचं ग्रहण नुसत्या डोळ्यांनी मोजलं आणि त्याची नोंद रीतसर पाठवली. तीन महिने गेले त्यात. काम खरं तर दोन रात्रींचं आहे, बाकी सगळा वेळ अर्ज, ढग आणि माझ्या चुका. मराठीत कुठे सलग लिहिलेलं सापडलं नाही म्हणून लिहितेय, कुणाला करायचं असेल तर निदान माझ्या चुका तरी परत करू नका.

आधी थोडं मागचं. २०१९ च्या डिसेंबरात मृग नक्षत्रातला काक्षी (बीटलज्यूस) हा तारा मंद होतोय अशा बातम्या यायला लागल्या, फुटणार वगैरे. मी रोज रात्री वाळलेले कपडे काढायला गॅलरीत जायचे तेव्हा बघायचे. फेब्रुवारीत तो मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सएवढाच दिसायला लागला होता, हे मला माझ्या डोळ्यांनी कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. (फुटला बिटला नाही, त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली असं नंतर निघालं.) तेव्हापासून डोक्यात होतं की असे प्रकाश कमीजास्त होणारे, म्हणजे रूपविकारी तारे, आपल्याला मोजता येतील का.

अल्गोल निवडला कारण तो वक्तशीर आहे. ययाती तारकासमूहात आहे, शर्मिष्ठेचा एम सापडला की त्याच्या खालीच. एरवी त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) २.१ असते, म्हणजे चांगला ठळक. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ पर्यंत उतरतो आणि परत चढतो, सगळा खेळ साधारण दहा तासांचा. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जातो, इतकं साधं कारण. दहा तासांतले मधले चार-पाच तासच डोळ्यांना फरक जाणवतो, आणि अगदी तळाशी दोनेक तास फारसं काही हलत नाही.

५ नोव्हेंबरला, रविवारी, एएव्हीएसओच्या साइटवर खातं उघडलं. ही अमेरिकेतली संस्था, १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या अशा नोंदी गोळा करते. खातं उघडल्यावर ऑब्झर्व्हर कोड मागायचा, काही अक्षरांचा असतो, तोच तुमची ओळख. याला पैसे पडत नाहीत. सदस्यत्वाची फी वेगळी असते आणि नोंदी पाठवायला ती भरावी लागत नाही, मी दोन दिवस त्या फीकडे बघत बसले होते उगाच. नंतर चार दिवस मेलची वाट बघितली आणि मेल स्पॅममध्ये पडलेला निघाला. तेव्हा पहिल्यांदा स्पॅम बघा.

मी सरकारी कचेरीत लेखा विभागात आहे, अर्ज-बिर्जांची भीती नाही मला. पण गच्चीसाठी लेखी अर्ज करावा लागेल असं वाटलं नव्हतं. आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप. ८ तारखेला सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले मॅडम लेखी द्या, कमिटीपुढे ठेवतो. अर्जात कारण काय लिहू? "तारा पाहणे" लिहिलं. मधे दिवाळी आली, मीटिंग १९ ला झाली, तिथे एकांनी विचारलं म्हणे की तारा रोजच असतो मग रात्री बारालाच का. शेवटी २० ला किल्ली मिळाली, पाचशे रुपये डिपॉझिट आणि "काही बरंवाईट झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही" असं हमीपत्र देऊन. डिपॉझिट परत मिळालं, हेही सांगते.

त्या पंधरवड्यात एक काम बरं झालं, डोळे तपासून घेतले. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, आडवं पडून वर बघितलं की भिंगाचा वाचायचा भाग मधे येतो आणि तारा पसरतो. नुसता लांबचा वेगळा चष्मा करून घेतला, ३२०० रुपये. या सगळ्या उपद्व्यापातला सगळ्यात मोठा खर्च हाच. दुसरा खर्च दहा रुपयांचा लाल जिलेटिन पेपर, टॉर्चला लावायला. पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की परत अंधाराला सरावायला वीस मिनिटं अर्धा तास जातो. मोबाईल तर शत्रूच.

आता वेळा. अल्गोल किमान तेजाला कधी येणार याचं वेळापत्रक नेटवर मिळतं, पण ते जागतिक वेळेत असतं, त्यात साडेपाच तास मिळवायचे. दर खेपेला वेळ सव्वातीन तासांनी अलीकडे येते आणि दिवस तीन पुढे जातात. म्हणजे आज पहाटे अडीचला असेल तर पुढचं तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराच्या आत, त्यापुढचं रात्री आठला आणि नंतरचं सूर्यास्ताच्या आधी. अशा दोन-तीन सोयीच्या रात्री येतात, मग पुढच्या फेऱ्यासाठी वीस-बावीस दिवस थांबा.

माझ्या पहिल्या फेऱ्यातली पहिली रात्र २७-२८ नोव्हेंबरची. तेव्हा काय झालं आठवत असेल, अवकाळी. नाशिककडे गारा, द्राक्षं गेली, लोकांचं एवढं नुकसान झालेलं असताना मला तारा दिसला नाही हे सांगायचीसुद्धा लाज वाटते.

३० ला, गुरुवारी, साधारण सव्वाअकराला किमान होतं. त्या दिवशी संकष्टी. चंद्रोदय झाल्यावर उपास सोडला आणि नऊ वाजता सतरंजी घेऊन वर गेले. सतरंजी हवीच. आपल्याकडून अल्गोल उत्तरेला जवळजवळ डोक्यावर येतो, उभं राहून बघाल तर मानेचं काही खरं नाही.

मोजायची रीत अशी. संस्थेच्या तारानकाशावर आसपासच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात, दशांश चिन्ह न देता, कारण टिंब म्हणजे तारा वाटेल. २९ म्हणजे २.९. आपल्या ताऱ्यापेक्षा जरा तेजस्वी एक आणि जरा मंद एक असे दोन धरायचे आणि आपला त्यांच्यामधे कुठे बसतो ते ठरवायचं. एक ३.० चा आहे, दुसरा ३.४ चा, आपला बरोब्बर मधे, तर ३.२. बाजारात वजनाशिवाय दोन भेंडीच्या वाट्यांतली जास्त कुठली ते आपण सांगतोच की, तसंच.

कागदावर सोपं वाटतं. मी त्या रात्री सात नोंदी केल्या, ३.४ पर्यंत छान उतरला, परत चढला, मी खूश. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर साइटवर भरल्या आणि त्या ताऱ्याच्या आलेखावर माझे ठिपके बघितले तर ग्रहण साडेपाच तास उशिरा! मी घड्याळातली वेळ तशीच भरली होती. सगळ्या नोंदी उघडून दुरुस्त कराव्या लागल्या, स्वतःच्या नोंदी नंतर दुरुस्त करता येतात हे नशीब. रात्री बारानंतरच्या नोंदीत तर तारीखही मागे जाते, आपले १ डिसेंबरचे साडेबारा म्हणजे त्यांचे ३० नोव्हेंबरचे संध्याकाळचे सात. वेळेऐवजी ज्युलियन दिनांकही (दिवसांचा सलग चालत आलेला आकडा) भरता येतो, आणि त्यात आपली एक सोय आहे: तो जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. आपली अख्खी रात्र एकाच आकड्यात मावते. युरोपातल्या लोकांचंही जमतं, पण आपलं अगदी दिवेलागणीला नवीन पान सुरू झाल्यासारखं.

दुसरी चूक जास्त खोल होती आणि ती कुणी पकडलीही नसती. माझ्या सात नोंदींपैकी चारांत मी अल्गोलची तुलना त्याच्या शेजारच्याच ताऱ्याशी केली होती, ऱ्हो पर्सेई. जवळ आहे, सोयीचा आहे, म्हणून. नंतर नीट वाचलं तर ऱ्हो पर्सेई स्वतःच रूपविकारी! तांबडा तारा, साधारण ३.३ ते ४ च्या मधे हलत असतो. नकाशावर त्याला तुलनेचा आकडा दिलेलाच नव्हता, मी कुठल्यातरी ॲपवरून घेतला होता. मापच हलतंय तर मोजलं काय?

मग प्रामाणिकपणे विचार केला की माझे आकडे तरी इतके गुळगुळीत कसे उतरले. कारण मला माहीत होतं. सव्वाअकराला ३.४ होणार हे पाठ होतं, त्यामुळे अकराला ३.३ "दिसला". मी तारा बघत नव्हते, वेळापत्रक बघत होते. आमच्या खात्यात याला ताळेबंद जुळवून घेणं म्हणतात आणि त्यावर मेमो मिळतो. त्या चार नोंदी मी काढून टाकल्या, उरलेल्या तीनही नंतर काढल्या. महिनाभराच्या खटपटीनंतर हातात शून्य, त्या रात्री फार वाईट वाटलं, नवरा म्हणाला कुणाला कळणार होतं, ते खरंच होतं आणि म्हणूनच जास्त लागलं.

डिसेंबरचा फेरा २० ते २३ ला होता पण चंद्र अष्टमीपासून वाढत चाललेला आणि २३ ला तर अल्गोलच्या जवळच. सोडून दिला. त्याऐवजी ग्रहण नसलेल्या रात्री गच्चीवर जाऊन नुसता सराव केला, आकडा आधीपासून माहीत नसलेल्या ताऱ्यांचा अंदाज करायचा आणि मग खाली येऊन तपासायचं. सुरुवातीला पाव प्रतीने चुकायचे, नंतर ०.१ ते ०.२ वर आलं. तेवढं चालतं. काही गोष्टी तेव्हाच कळल्या. दोन ताऱ्यांपैकी जो नजरेत खाली येतो तो उगाच तेजस्वी भासतो, म्हणून डोकं असं फिरवायचं की दोन्ही तारे दोन डोळ्यांच्या रेषेत आडवे येतील. तांबड्या ताऱ्याकडे टक लावायची नाही, जितकं बघाल तितका तो उजळत जातो. आणि तुलनेचे तारे साधारण त्याच उंचीवरचे हवेत, क्षितिजाजवळचा घेतलात तर हवा त्याला खाते.

याच दिवसांत राधागोविंद चंद्र यांच्याबद्दल वाचलं. आताच्या बांगलादेशातल्या जेसोरचे, सरकारी खजिन्यात कारकून. प्रवेश परीक्षा तीनदा नापास. ऑफिस करून रात्री रूपविकारी तारे बघायचे आणि १९१९ पासून पुढे जवळपास साडेतीन दशकं त्यांनी एएव्हीएसओला ३७ हजारांवर नोंदी पाठवल्या, टपालाने. संस्थेने त्यांना १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण अमेरिकेहून बोटीने पाठवली, ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आणि मग तामिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेत गेली. खजिन्यातला कारकून! मी माझ्या शून्य नोंदींकडे बघून जरा हसले आणि जानेवारीचं वेळापत्रक काढलं.

१२ जानेवारी, शुक्रवार, रात्री साधारण अकरा चौतीस. आदल्या दिवशी अमावस्या. आणि १५ ला, सोमवारी, आठ तेवीस, म्हणजे नेमकी संक्रांत. पंचांगात बघून दोन्हींवर खूण केली. १२ ला उतरण पूर्ण दिसणार पण चढण होता होता तारा वायव्येला खाली जाणार, १५ ला उतरण दिवसाउजेडी जाणार पण अंधार पडताना तारा डोक्यावर आणि चढण सगळी मिळणार. एका रात्रीत न मावणारं ग्रहण दोन रात्रींत मिळून पूर्ण होत होतं. पुण्यातून मात्र नको होतं, अल्गोल तेजाने तळाला गेला की आमच्या गच्चीवरून धड दिसत नाही. माहेर ओतूरजवळ. शुक्रवारी अर्धी आणि सोमवार-मंगळवार दोन किरकोळ रजा टाकल्या, कारण "वैयक्तिक". एसटीला बायकांना अर्धं तिकीट, वाकडेवाडीहून आळेफाटा, तिथून पुढे दुसरी गाडी, साडेसहाला घरी.

शेतात जाऊन बघायचा बेत दादाने उंबऱ्यातच मोडला. जुन्नर तालुका, ऊस, बिबट्या. गेल्याच आठवड्यात वस्तीवरचं कुत्रं नेलं होतं. "तुझा तारा स्लॅबवरनं दिसतो का? मग स्लॅबवरनं बघ." ऐकलं. तुम्हीही गावाकडे करणार असाल तर एकट्याने रानात जाऊ नका.

आकडे जुळवायचा मोह टाळायला एक युक्ती केली. कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक स्टीलचा डबा. मी नुसता आकडा लिहून चिठ्ठी घडी करून भाच्याकडे द्यायचे, तो त्यावर वेळ टाकून डब्यात टाकायचा. आठवीत आहे, काम चोख. घड्याळ त्याच्याकडे, मला वेळ विचारायची बंदी. आणि मधे मधे ऱ्हो पर्सेईचा, काक्षीचाही अंदाज करायचा, म्हणजे मागचा आकडा डोक्यातून जातो. पूर्ण जात नाही, पण बरंच.

पावणेआठला सुरू केलं. थंडी मरणाची, साडेनऊनंतर दव पडायला लागलं, सतरंजी ओली, चष्म्यावर बाष्प. चष्मा पुसायला सुती कापड जवळ ठेवा, पदराने पुसू नका, ओरखडे येतात. दहाला भाचा पेंगायला लागला, वहिनीने त्याला चहा दिला, आईने वहिनीला बोलून घेतलं. लांबून रात्रीची लाईट आल्यावर विहिरीवरची मोटार सुरू झाल्याचा आवाज.

आडवं पडल्यावर गुडरिकची आठवण येत होती. जॉन गुडरिक, इंग्लंडात यॉर्कचा, लहानपणापासून बहिरा. १७८२ च्या १२ नोव्हेंबरला त्याने अल्गोल मंदावलेला बघितला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याने आवर्तकाळ काढला आणि म्हटलं की एखादा मोठा काळोखा गोल मधे येत असावा, किंवा ताऱ्यावरच डाग असावेत. त्याला रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं आणि २१ व्या वर्षी तो गेलासुद्धा. मधे येणारं काहीतरी खरंच तिथे आहे हे पक्कं व्हायला १८८९ उजाडलं, जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगेल यांनी वर्णपटावरून दाखवलं. अल्गोलच्या त्या दोन ताऱ्यांत एक गंमत आहे, वजनाने भारी तारा अजून तरुण आणि हलका तारा म्हातारा, खरं तर भारी तारा आधी म्हातारा व्हायला हवा. म्हातारा आधी जड होता, त्याने आपलं बरंचसं द्रव्य दुसऱ्याला देऊन टाकलं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, वाटण्या झाल्या म्हण की.

एका क्षणी बघितलं तर ययातीचा आकारच ओळखू येईना. ओळखीच्या माणसाने मिशी काढल्यासारखं. तेव्हा मात्र वेळ विचारायची फार इच्छा झाली.

दीडला थांबले, तारा बराच खाली गेला होता. सकाळी डबा उघडून चिठ्ठ्या वेळेप्रमाणे लावल्या. पावणेआठला २.१, साडेनऊला २.५, साडेदहाला ३.०, अकराला ३.२, साडेअकराला ३.२ च, बाराला ३.४, साडेबाराला परत ३.२, एकला ३.१. एक चिठ्ठी २.७ ची भलतीकडेच होती, अकराच्या दरम्यान, चष्म्यावर बाष्प असावं. ती तशीच ठेवली, शेऱ्यात "दव" लिहून. माझा तळ वेळापत्रकापेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा येत होता. डोळ्याच्या अंदाजाला एवढं इकडेतिकडे होणारच, आणि मला ते उलट बरं वाटलं, गुळगुळीत नव्हतं म्हणून.

संक्रांतीला संध्याकाळी घरात हळदीकुंकवाची गर्दी, सव्वासातला तिळगूळ तोंडात टाकून वर पळाले. आल्या-गेल्या बायकांना आई सांगत होती, ती वर आहे, तिचं ऑफिसचं काम आहे. अल्गोल डोक्यावर आणि एकदम फिका. साडेआठला आई भाकरी घेऊन वर आली, मी कुठला तारा ते बोटाने दाखवलं, काय होणार ते सांगितलं नाही, मुद्दामच. ती बघून खाली गेली. अकराला शाल द्यायला आली आणि आपणहून वर बघून म्हणाली, "मघाशी ह्या दोन चांदण्या सारख्याच होत्या ना गं? आता ही एक मोठी झालीय."

एकूण २१ नोंदी झाल्या दोन रात्रींच्या. १७ तारखेच्या रात्री पुण्यात बसून भरल्या, यावेळी आधी वहीत जागतिक वेळ लिहून, नकाशाचा क्रमांक टाकून (तो लागतोच, नकाशाच्या कोपऱ्यात असतो, छापताना कापला जाणार नाही बघा) आणि प्रत्येक नोंदीला कुठल्या दोन ताऱ्यांशी तुलना केली तेही. दीड तास लागला. आलेखावर ठिपके आले, कुठे वर कुठे खाली, पण खड्डा खड्ड्यासारखा दिसतोय.

आईची नोंद पाठवता आली नाही, तिचा कोड नाही. मे महिन्यात गावी गेले की तिचं खातं उघडून द्यायचंय. मेल आयडी काढावा लागेल, आणि तिचे सगळे ओटीपी दादाच्या मोबाईलवर जातात.